ओपन स्पेसमधलं आपलं भांडण

गौतम,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जे भाषण केलं, त्याचं कॉलनीत कालपर्यंत कौतुक चाललं होतं. दूध आणायला बाहेर पडलो तरी कुणीतरी थांबवायचं आणि म्हणायचं, सर, काय बोललात त्या दिवशी, डोळ्यांत पाणी आणलंत. सुरुवातीला मी मान खाली घालून, हात जोडून ते कौतुक घेत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. मग कुणी समोरून येताना दिसलं की मी पलीकडच्या गल्लीनं वळायला लागलो. कारण त्या भाषणात मी तुझ्या नावावर एक धडधडीत खोटं वाक्य खपवलं आणि त्या एका वाक्यापायी तुझ्या झाडांमधल्या मातीवर रोलर फिरला.

आपण लातूरला शेजारी शेजारी प्लॉट घेतले तेव्हा तू अहमदपूरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा कंट्रोलर होतास आणि मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. दोघांचंही पोट बोलण्यावर. फरक इतकाच की तुझं बोलणं ऐकून माणसं उठून गाडीत बसायची आणि माझं बोलणं ऐकून पोरं बाकावर झोपायची. हा विनोद तुझाच. तू तो माझ्या तोंडावर केलास, माझ्या पाहुण्यांसमोर केलास, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या प्राचार्यांसमोरही केलास. प्राचार्य सगळ्यात जास्त हसले.

आपल्या घरांसमोर लेआउटमध्ये सोडलेली मोकळी जागा होती. नकाशावर तिला ओपन स्पेस म्हणत आणि प्रत्यक्षात तिथं गाजरगवत, फुटक्या विटा आणि डुकरं. आपल्याकडं अशा जागेचं पुढं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. काहींना तिथं मंदिर हवं होतं, काहींना सभागृह. तुझ्याकडं तुमच्या समाजाची चार माणसं आली आणि विहाराचा विषय काढून बसली. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. तू त्यांना म्हणालास, "तथागत कुठं बसले होते? झाडाखालीच ना? मग आधी झाड लावू द्या. खाली काय बांधायचं ते मागून बघू." मंदिरवाले आले तेव्हा त्यांना सांगितलंस की पारासाठी आधी वड लागतो, वड मी लावतो, तवर दम धरा. सगळ्यांना असं दम धरायला लावून तू जागा झाडांनी भरून टाकलीस. वड मात्र काही लावला नाहीस.

रोपं एसटीनं यायची. तुझ्या ओळखीचे ड्रायव्हर भोकरकडून मोहाचं रोप केबिनमध्ये पायाशी ठेवून आणायचे, मुरुडहून कुणी करंज धाडायचा, कुणी बहाव्याच्या शेंगाच खिशातून काढून द्यायचा. तू स्टँडवरून घरी यायचास तो एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काळ्या पिशवीतलं काहीतरी हिरवं घेऊन. सगळंच जमलं असं नाही. तुझा लाडका गुलमोहर वादळात माझ्या गच्चीच्या पाइपावर आडवा झाला. सप्तपर्णी फुलली की आमच्या हिचं डोकं ठणकायचं. मी तक्रार घेऊन आलो तर म्हणालास, "वहिनीला म्हणावं खिडकी लाव. झाडाला खिडकी न्हाई, त्याला कुठं जा म्हणू?" चुकलं असं तू कधी म्हणाला नाहीस. आपल्या दोघांत ती एक गोष्ट सारखी होती.

ज्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले आणि आपण सगळे टँकरपुढं घागरी लावून बसायचो, तो उन्हाळा मला राहून राहून आठवतो. संध्याकाळ झाली की तू करंजाखाली उभा राहायचास, एक हात कानाशी धरायचास आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू व्हायचास. "लक्ष द्या! तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी घेऊन येणाऱ्या बादल्या फलाट क्रमांक दोनवर लागतील. साबणाच्या पाण्याला प्रवेश न्हाई. बिराजदारांची बादली अजून आलेली न्हाई, बिराजदारांनी नोंद घ्यावी." बायका हसत यायच्या, पोरं तुझी नक्कल करायची, आणि बिराजदार चिडून का होईना, बादली आणायचे. त्या उन्हाळ्यात गावातली मोठमोठी झाडं वठली. आपल्या इथलं मोहाचं रोप तेवढं गेलं, बाकी सगळी झाडं तगली.

मी मात्र तुझी हाळी सुरू झाली की खिडकी लावून घ्यायचो. एकदा माझ्याकडं परीक्षेच्या कामाला बाहेरगावचे प्राध्यापक आले होते आणि तू बाहेरून ओरडलास, "मास्तर, तुझी बादली कुठंय?" मी त्यांच्याशी उगाचच मोठ्यानं बोलायला लागलो. बादली आमच्या हिनंच नेली. त्या वेळी मला तुझी लाज वाटली होती, गौतम.

पण आपलं खरं भांडण मातीवरून होतं. आपली काळी माती म्हणजे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात नुसता चिखल. मी सकाळी तिथं फिरायला जायचो आणि परत येईपर्यंत चपला उचलत नसायच्या. मग तुझ्या फाटकापाशी काडी घेऊन बसायचो.

"काय करूलालास मास्तर?"

"चप्पल सोडवतोय. इथं चांगले सिमेंटचे ब्लॉक बसवले तर माणसाला चालता तरी येईल."

"चालायला सडक हाय की. हितं माती हाय, तिला पाणी पिऊ दे."

"पावसाळाभर कुणी पाय ठेवत नाही इथं."

"न्हाई ठिवला तर झाडं मरत न्हाईत. ब्लॉकनं मरतेत."

मी म्हणायचो, नांदेडला तुझ्या लेकीच्या, सुजाताच्या कॉलनीत जाऊन बघ, कसं स्वच्छ ठेवलंय, खोडापर्यंत ब्लॉक आहेत. तू म्हणायचास, "नांदेडला नदी हाय. आपल्याकडं काय हाय? बोअर. तिच्या पोटात काय जाणार, तुझे ब्लॉक?" वर माझ्या चपलेकडं बोट दाखवून म्हणायचास, "येवढी माती घरी घेऊन चाललास खामखा. कुंडी भर की तिची."

दर पावसाळ्यात आपण हे भांडायचो. वाक्यंसुद्धा तीच असायची. कॉलनीच्या बैठकीत मी ब्लॉकचा विषय काढायचो, तू उभा राहायचास, तुझ्या आवाजापुढं कुणाचं काही चालायचं नाही आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. घरी आलो की मी आमच्या हिला सांगायचो, हा माणूस अडाण्यासारखा वागतो. संध्याकाळी पुन्हा तुझ्याच ओट्यावर येऊन बसायचो. चहा तुझ्या घरचा असायचा आणि तोही मला गोड लागायचा.

तुला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी एकदाच आलो. बसमध्ये बसून तुला काय काय बोलायचं ते ठरवत होतो. निवृत्त झाल्यावर मला घरात कुणी विचारेनासं झालं होतं, विद्यार्थी येईनासे झाले होते, त्या काळात रोज संध्याकाळी कुणीतरी आपल्याशी भांडायला तयार आहे या एका गोष्टीनं मला सावरलं, हे तुला सांगायचं होतं. चांगली वाक्यं जुळवली होती. आत आलो तर तू विचारलंस, "गाडीला गर्दी होती का?" मी म्हणालो, होती. मग अहमदपूरला गाडी किती वेळ थांबली, ड्रायव्हर कोण होता, हेच चाललं. निघताना तू माझा हात धरलास. "मिरग तोंडावर आलाय. झाडायची आळी करायचीत."

"तू ये, मग करू," मी म्हणालो.

"तू कर की."

मी हसलो. माझ्या हातात कुदळ कुणी पाहिली आहे? तुझा हात थोपटला आणि म्हणालो, काळजी घे. आयुष्यभर वर्गात पन्नास-पन्नास मिनिटं बोलणाऱ्या माणसाला त्या दिवशी एवढंच सुचलं. तू घरी आलास तो गाडीतून, झाकलेला.

पुण्यानुमोदनाला मांडव ओपन स्पेसमध्येच टाकला होता. पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं, तुझा फोटो, पुढं मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं आणि मला बोलायला उभं केलं. खरं सांगतो, पहिली काही वाक्यं मनापासून आली. मग समोरच्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या आणि मला चेव चढला. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, हे मला चांगलं कळतं. मी म्हणालो, या जागेचं नंदनवन व्हावं हे माझ्या मित्राचं अपुरं राहिलेलं स्वप्न होतं. इथपर्यंतही ठीक होतं. तू ऐकलं असतंस तर नंदनवन या शब्दाला हसला असतास, एवढंच.

आपल्या वॉर्डातले पुढारी पहिल्या रांगेत होते. ते लगेच उठले. म्हणाले, सरांनी सांगितलेलं स्वप्न आपण पुरं करू, माझ्या निधीतून सगळ्या जागेला ब्लॉक, कडेनं बाकडी, दारात गौतमरावांच्या नावाची कमान. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माझ्याकडं वळून माइकवरच विचारलं, "काय सर, त्यांच्या मनासारखं होईल ना?"

त्या क्षणी मी गोंधळलो होतो असं सांगितलं तर कुणीही समजून घेईल. पण गोंधळलो नव्हतो. ब्लॉक हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांपुढं कोरडी, स्वच्छ, चालायला छान अशी जागा आली. मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो, "गौतमला हेच हवं होतं. मला तो नेहमी म्हणायचा."

तू जिवंत असताना जो वाद मी दर वर्षी हरलो, तो तू गेल्यावर जिंकलो. तुझ्या फोटोसमोर आणि तुझ्याच तोंडून.

काम लगेच सुरू झालं. आधी मुरूम पडला, मग दगडाची कच, मग रोलर. तू पानं साठवून ठेवायचास तो ढीग पहिल्याच दिवशी ट्रॉलीत भरून गेला. गेल्या वर्षीची तुझी आळी मुरमानं भरली. फाटकाच्या बाजूच्या कडुलिंबांना आणि करंजाला ब्लॉक थेट खोडापर्यंत भिडवले. पोरांनी त्यावर सायकली घातल्या. बिराजदार म्हणाले, सर, तुमच्यामुळं झालं. मी सकाळी त्यावर फिरून आलो. चपला कोऱ्या राहिल्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही, तो तुझ्यापासून कशाला लपवू?

परवा संध्याकाळी मी तुझ्या घरी वहिनींकडं गेलो. त्या ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत होत्या. बसा म्हणाल्या. आमच्या हिच्या गुडघ्याची चौकशी केली. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "भाऊजी, भाषण लई चांगलं झालं. सुजाता बी म्हणूलालती."

मी काहीतरी पुटपुटलो.

"येक इचारू का? ब्लॉकचं ह्यांनी तुमाला कधी सांगितलं वो?"

त्याच पुढं बोलल्या, "मला तर कधीच बोलले न्हाईत. मला वाटत होतं, त्यायला ब्लॉकचा राग हाय. आता रोज इचार करूलाले. येवढी वर्सं संसार केला, पर माणसाच्या मनात काय हाय तेच मला मालूम न्हवतं. तुमाला मालूम होतं. दोस्त ते दोस्तच."

गौतम, मी तुझ्या झाडांचं नुकसान केलं हे मला कळत होतं आणि ते पोटात घालून मी जगलो असतो. लोक जगतातच. पण मी त्या बाईचा नवरा तिच्यापासून काढून घेतला होता. तू गेल्यावर तिच्याकडं उरलं होतं ते हेच, की हा माणूस कसा होता हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मी एका टाळीसाठी आणि कोरड्या चपलांसाठी तेही खोटं ठरवलं. आणि त्या उलट माझाच मान ठेवत होत्या.

मी म्हणालो, "वहिनी, तो तसं कधीच म्हणाला नाही. मला ब्लॉक हवे होते. मीच त्याच्या नावावर घातलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "असं व्हय." पुन्हा पाला निवडायला लागल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटूलालतं, मीच येडी." आणि मी उठलो तेव्हा, "मला सांगितलं तसं लोकायला बी सांगा."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आज सकाळी चहा तसाच टाकून मी तिथं गेलो. तुझ्या बहाव्यांच्या बाजूला मुरूम पसरायचं काम सुरू होत होतं. मी मुकादमाला म्हणालो, काम थांबवा. तो म्हणाला, "सर, तुमीच तर मागितलंत की." फिरायला आलेली माणसं गोळा झाली. त्यात बिराजदार होते, माझं भाषण मोबाइलवर घेऊन नातेवाइकांना पाठवलेल्या दोन-तीन बायकाही होत्या. मी म्हणालो, "गौतमला ब्लॉक नको होते. जन्मभर तो नको म्हणत होता. मला हवे होते. मी त्या दिवशी त्याच्या फोटोसमोर खोटं बोललो."

नाटकात असतं तसं काही झालं नाही. कुणी थक्क होऊन बघत राहिलं नाही. एक बाई म्हणाली, अगं बाई! बिराजदार वैतागले. "सर, गेलेल्या माणसाला आता काय कळूलालंय? चांगलं होऊलालंय, होऊ द्या. तुमच्या दोघांच्या भांडणात आमचा रस्ता कशाला?" मुकादमानं पुढाऱ्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. ते गोड आवाजात म्हणाले, निधी परत जाईल, कमान व्हायची नाही, तुमच्या मित्राचं नाव राहायचं नाही. मी म्हणालो, गौतमचं बरोबर होतं हे सांगायला कमान लागत नाही. ते म्हणाले, सर, तुम्ही आता आराम करा.

मी मुरमाच्या ढिगावरच बसलो. उठलोच नाही. लोकांनी समजावलं, आमच्या हिनं येऊन समजावलं. मुकादम कंटाळला. शेवटी तो म्हणाला, बसवलेलं काढणार नाही, पण खोडाभोवती हातभर मोकळं करून देतो, आणि बहाव्यांची बाजू तशीच सोडतो. साहेबांशी तुमचं तुम्ही बघून घ्या. म्हणजे अर्धी जागा गेली ती गेलीच, गौतम. माझ्या वाक्याची किंमत तुझी झाडं जन्मभर देतील. यात मी काही वाचवलं असं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच.

कडुलिंबाभोवतीचे ब्लॉक त्यांनी पहारीनं उचकटले. खालची माती दाबून दाबून लाकडासारखी झाली होती. वहिनींनी घरातून तुझी कुदळ आणून दिली. मी आळं करायला लागलो. पहिला घाव घसरून ब्लॉकवर बसला आणि गवंडी हसले. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले, कंबर धरली. बिराजदार लांब उभे राहून बघत होते, मदतीला आले नाहीत, आणि मी त्यांना दोषही देत नाही. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी बघितलं असतं तर लई हसले असते." आणि पहिल्यांदाच त्या स्वतः हसल्या. आळं वाकडंतिकडं झालं, पण झालं. उद्या करंजाचं करीन. हात किती दिवस साथ देतात ते बघू.

तुझं बरोबर होतं. इतक्या वर्षांत मी तुला हे एकदाही म्हणालो नाही. आज सगळ्या कॉलनीसमोर म्हणालो, फोनवर म्हणालो, आता इथं लिहितोय. पण मी स्वतःला ओळखतो. तू समोर उभा असतास, तर आजही काहीतरी मुद्दा काढून भांडलो असतो. तू ऐकायला नाहीस म्हणूनच मला हे म्हणता आलं. बाकी सगळ्यापेक्षा मला याचीच लाज वाटते.